कृत्रिम अवयव कशाचे बनतात? मराठवाड्यातून सतत येणारे प्रश्न

मोजमाप शिबिरात, दवाखान्याच्या ओट्यावर आणि फोनवर हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणारे बहुतेक बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडचे. कुणाचा हात मळणी यंत्रात गेलेला, कुणाचा पाय शुगरमुळे काढावा लागलेला, कुणी ऊसतोडीच्या ट्रॉलीखाली सापडलेलं. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. अवयवाचं माप घेऊन तो बनवणाऱ्या आणि बसवणाऱ्या तज्ज्ञाला प्रोस्थेटिस्ट म्हणतात, म्हणून खाली तोच शब्द वापरला आहे.

१. नकली अवयव सगळे एकाच मालाचे असतात का?

नाही. आधी पाहायचं ते अवयव शरीराबाहेर राहणार की आत. बाहेरचा हात किंवा पाय हलका हवा, वजन पेलणारा हवा, कातडीला न चावणारा हवा आणि बिघडला तर काढून नीट करता यायला हवा. म्हणून तिथे प्लास्टिक, रबर, लाकूड, अ‍ॅल्युमिनियम, फायबर असं बरंच काही चालतं. एका साध्या पायातसुद्धा यांतले चार-पाच पदार्थ असतात. आतला भाग, म्हणजे खुब्याचा गोळा, डोळ्यातली लेन्स, हृदयाची झडप, एकदा बसवला की वर्षानुवर्षं रक्तात आणि खारट ओलाव्यात राहतो. तो गंजता कामा नये, झिजता कामा नये, आणि शरीराने त्याला परका समजून सूज धरता कामा नये. या कसोटीला उतरणारे पदार्थ मोजके आहेत. बाहेरच्या अवयवांचे प्रश्न आधी घेतले आहेत, आतले प्रश्न ११पासून पुढे.

२. जयपूर फूट म्हणजे रबराचा पाय ना? आत काय असतं?

बाहेरून दिसतं ते रबर, पण आत तीन वेगळे तुकडे असतात. टाच आणि पुढचा चवडा स्पंजासारख्या मऊ रबराचा, घोट्याचा ठोकळा लाकडाचा. या सगळ्यावर टायरमध्ये वापरतात तसा दोऱ्याचा पट्टा गुंडाळतात, वरून कातडीच्या रंगाचं रबर चढवतात आणि धातूच्या साच्यात घालून उष्णतेने पक्कं करतात. त्यामुळे टाच दबते, चवडा वाकतो आणि पाऊल थोडं आडवंही वळतं.

१९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हे पाऊल घडवलं. त्याआधी मिळणाऱ्या परदेशी पद्धतीच्या पावलाला बूट लागायचा आणि ते घोट्यात वळायचं नाही. उकिडवं बसणं, मांडी घालणं, अनवाणी देवळात जाणं, ढेकळांच्या रानातून चालणं, हे काहीच त्यावर जमत नव्हतं. आपल्याकडचा माणूस दिवसातून किती वेळा जमिनीवर बसतो हे त्या दोघांनी नीट पाहिलं, आणि माल त्यानुसार निवडला. मला या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो तो याचसाठी.

लोक अख्ख्या पायालाच जयपूर फूट म्हणतात. खरं तर ते फक्त खालचं पाऊल. वरच्या नळीचा माल वेगळा, तो पुढच्या प्रश्नात.

३. वरची नळी शेतातल्या पाइपाची असते म्हणतात. खरं का?

जातीने तोच माल. स्प्रिंकलरचे पाइप ज्या एचडीपीई प्लास्टिकचे असतात, त्याच प्लास्टिकचा पण कातडीच्या रंगाचा पाइप वापरतात. पूर्वी ही नळी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून बनवायचे. तो पिचायचा.

कृती अशी: उरलेल्या पायावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी गुंडाळून साचा घेतात. त्या साच्यात प्लास्टर ओतून पायाची हुबेहूब प्रतिकृती बनते. जिथे भार सोसतो तिथे ती थोडी तासतात, जिथे हाड टोचतं तिथे प्लास्टर वाढवतात. मग पाइप भट्टीत मऊ करून त्या प्रतिकृतीवर ओढून बसवतात. कुशल हात असले तर गुडघ्याखालचा पाय एका दिवसात तयार होतो. एचडीपीई पाण्यापेक्षा हलकं आहे, पाण्याने कुजत नाही, आणि कुठे टोचलं तर तेवढीच जागा पुन्हा तापवून फुगवता येते.

घरच्या पाइपाचा पाय बनवावा का, असंही विचारतात. बनवू नका. खरी कारागिरी प्रतिकृती तासण्यात आहे. ती चुकली तर पायाला जखम होते, आणि शुगर असलेल्या माणसाची जखम भरणं फार अवघड.

४. डॉक्टर सारखं सॉकेट सॉकेट म्हणतात. त्याचं एवढं काय?

उरलेला पाय ज्या भांड्यात बसतो ते सॉकेट. उभं राहिलं की सगळं वजन इथूनच खाली जातं. पाऊल कितीही भारी घेतलं आणि सॉकेट सैल किंवा घट्ट झालं, तर तो पाय महिनाभरात खुंटीला लागतो. असे खुंटीवरचे पाय गावोगाव आहेत, त्यांतले काही चांगले महागाचे. म्हणून पैसे आणि वेळ दोन्ही आधी सॉकेटवर घाला.

सॉकेट एचडीपीईचं असतं, पॉलिप्रॉपिलीन नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकच्या गरम पत्र्याचं असतं, किंवा काचेच्या अथवा कार्बनच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) यांचे थर देऊन केलेलं असतं. पक्कं सॉकेट करण्याआधी काही ठिकाणी पारदर्शक प्लास्टिकचं चाचणी-सॉकेट घालून पाहतात. त्यातून कातडी कुठे पांढरी पडते ते दिसतं, म्हणजे तिथे दाब जास्त आहे. अशी सोय असेल तर आग्रहाने मागा.

आतून मऊ अस्तर लागतं. साध्या पायात ते फोमचं असतं, महाग पायात सिलिकॉनचं किंवा जेलचं. फोमच्या अस्तराच्या आत सुती मोजा घालतात, सिलिकॉनचं किंवा जेलचं अस्तर थेट कातडीवर चढवतात आणि मोजा त्याच्यावरून. ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने उरलेला पाय बारीक होत जातो, त्यामुळे पहिलं सॉकेट सैल होणारच. सुरुवातीला एकावर एक मोजे घालून भागतं. मोजे वाढतच चालले तर सॉकेट बदलायची वेळ झाली. त्यात फसवणूक झाली असं समजू नका.

५. पैसे जमवून कार्बन फायबरचाच पाय घ्यावा का?

आधी दिवसभर काय करता ते सांगा. १९८०च्या दशकात अमेरिकेत व्हॅन फिलिप्स यांनी कार्बन फायबरच्या पट्टीचं पाऊल आणलं. त्यांचा स्वतःचा पाय अपघातात गेला होता. पाऊल टेकताना पट्टी दबते आणि उचलताना उसळी देते, म्हणून धावपटू ती वापरतात. भरभर आणि लांब चालणाऱ्या तरुणाला तिचा खरा फायदा होतो, दम कमी लागतो.

पण हे पाऊल बुटात घालायचं असतं. ते ठरावीक उंचीच्या टाचेसाठी जुळवलेलं असतं. बूट काढून अनवाणी चाललात तर झोक मागे जातो. कार्बनचं सॉकेट तापवून दुरुस्त करता येत नाही. रोज रानात जाणाऱ्या, जमिनीवर जेवायला बसणाऱ्या माणसाला मी जयपूर पाऊल आणि नीट बसलेलं एचडीपीई सॉकेटच सांगतो. त्याच्या कामाला तोच माल जास्त चांगला. दुकानात उभं राहणारा, शाळेत शिकवणारा, मोटारसायकलवर फिरणारा असेल तर कार्बनचा विचार जरूर करावा, फक्त त्यासाठी जमीन विकू नये.

६. उन्हाळ्यात अस्तरात घामाचं पाणी साचतं, पाय सरकतो. काय करू?

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२च्या पुढे जातो, आणि सिलिकॉन काय, फोम काय, कुठल्याच अस्तरातून हवा जात नाही. घाम साचणारच. दुपारी एकदा पाय काढा, उरलेला पाय आणि अस्तर दोन्ही कोरड्या फडक्याने पुसा, मोजा बदला. सुती मोज्यांचे चार जोड तरी हवेत. रात्री अस्तर सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. उन्हात वाळवलेलं जेल लवकर खराब होतं.

पाय पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून किंवा उन्हात गाडीवर बांधून ठेवू नका, चुलीजवळ तर मुळीच नको. तापवून मऊ होणं हा या प्लास्टिकचा गुण प्रश्न ३मध्ये सांगितला, इथे तोच नडतो. कातडी लाल होऊन दहा-पंधरा मिनिटांत ओसरत नसेल किंवा फोड आला असेल, तर तो बरा होईपर्यंत पाय घालू नका. शुगर असेल तर रोज रात्री आरसा धरून खालची बाजू पाहा, कारण तिथे दुखलेलं कळत नाही.

७. काळ्या मातीत, चिखलात, पाटाच्या पाण्यात चालतं का?

जयपूर पाऊल आणि एचडीपीईची नळी पाण्याला भीत नाही. अडचण चिकट मातीची. पावसाळ्यात पावलाला गोळा चिकटतो, वजन वाढतं आणि सॉकेटमधला पाय ओढला जातो. बांधावर थांबून खरवडून टाका. घरी आल्यावर पाऊल धुवा आणि स्क्रू असलेल्या जागा कोरड्या करा.

लाकडी गाभ्यावर फोम चढवलेलं साधं पाऊल पाणी पितं, फुगतं आणि आतून कुजतं. कार्बन पावलावरच्या खोळीत वाळू शिरते आणि कुरकुर सुरू होते. बॅटरीवरचा गुडघा पाण्यात न्यायचाच नाही, तसं न्यायला चालतं असं बनवणाऱ्याने लिहून दिलं असेल तरच.

८. कडबाकुट्टीत हात गेला. नकली हात कशाचा असतो आणि त्याने काम होतं का?

तीन प्रकार आहेत. नुसता दिसायचा हात: आत फोम, वर पीव्हीसी किंवा सिलिकॉनचा मोजा. पीव्हीसी स्वस्त, पण त्यावर हळदीचा आणि शाईचा डाग बसला की निघत नाही, आणि उन्हाने तो कडक होतो. सिलिकॉन धुतलं की स्वच्छ होतं, मात्र फाटलं तर सांधणं कठीण.

दुसरा दोरीवरचा: खांद्याला पट्टा, त्यातून स्टीलची तार, टोकाला स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा आकडा. खांदा हलवला की आकडा उघडतो. तिसरा बॅटरीवरचा: उरलेल्या हाताचे स्नायू आवळले की कातडीवरचे धातूचे स्पर्शबिंदू तो विजेचा इशारा टिपतात आणि मोटर बोटं हलवते.

आकड्याला लोक नाक मुरडतात, लेकराला भीती वाटेल म्हणतात. पण खुरपं धरायला, बादली उचलायला, दोर ओढायला आकड्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही, आणि तो धुळीने बंद पडत नाही. काही जण रानात आकडा आणि लग्नाकार्यात हात असं दोन्ही ठेवतात. ही चांगली सोय आहे. बॅटरीचा हात घेण्याआधी त्याची दुरुस्ती कुठे होते ते विचारा. उत्तर दिल्ली-बेंगळुरू असेल तर पुन्हा विचार करा.

९. मांडीतून पाय गेला आहे. गुडघा कशाचा बसवतात?

साधा गुडघा एका खिळीवर वाकतो, स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा. उतारावर तो अचानक मुडपण्याची भीती असते, म्हणून अनेक जण तो कुलूप लावून ताठच ठेवतात. चार दांड्यांचा गुडघा त्यापेक्षा स्थिर. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी जयपूर फूट बसवणाऱ्या संस्थेसाठी (नाव प्रश्न १६मध्ये) असाच गुडघा तेल मुरवलेल्या नायलॉनचा केला, त्याला वंगण घालावं लागत नाही. २००९मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने उत्तम शोधांच्या यादीत त्याची नोंद घेतली. आयआयटी मद्रासने २०२२मध्ये ‘कदम’ नावाचा भारतीय बनावटीचा गुडघा आणला आहे. वयस्कर माणसाला कुलपाचा गुडघाच सुरक्षित वाटू शकतो, त्यात कमीपणा काही नाही.

१०. लेकरू आठ वर्षांचं आहे. भारीतला पाय आत्ताच घ्यावा का?

नको. लेकरू वाढतं, सॉकेट आखूड पडतं आणि बहुधा वर्षभरात बदलावं लागतं. हलकं एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन पुरतं. पैसे प्रवासासाठी ठेवा, माप द्यायला वारंवार जावं लागेल.

११. गुडघ्याची वाटी बदलतात तेव्हा आत काय घालतात? ‘सोनेरी गुडघा’ सोन्याचा असतो का?

वाटी बदलतात हा गैरसमज आहे. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक थोडं कापून त्यांवर टोप्या बसवतात. वरची टोपी कोबाल्ट-क्रोमियमची, खालची बैठक बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूची, आणि मधे अतिशय चिवट पॉलिथिलीनची गादी. सगळं हाडाला पक्कं करायला जे ‘बोन सिमेंट’ वापरतात ते अ‍ॅक्रिलिक असतं, दातांची कवळी असते त्याच कुळातलं.

ही गादी सहज सापडलेली नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्यासाठी आधी टेफ्लॉन वापरून पाहिलं. ते झपाट्याने झिजलं आणि त्याच्या कणांनी आजूबाजूला सूज आणली. १९६२पासून त्यांनी हे पॉलिथिलीन घेतलं, आणि जगभर आजही तेच चालतं. शेवटी झिजतं तेही, पण नीट बसवलेला गुडघा बहुतेकांना पंधरा-वीस वर्षं साथ देतो.

सोनेरी गुडघ्यात सोनं नसतं. धातूवर टायटॅनियम आणि नायोबियमच्या नायट्राइडचा पातळ मुलामा असतो, त्याचा रंग तसा. निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी तो आहे. नकली दागिन्याने किंवा घड्याळाच्या पट्ट्याने तुम्हाला खाज सुटत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. तसं काही नसेल तर रंगासाठी जास्त पैसे देण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१७पासून गुडघ्याच्या इम्प्लांटवर, म्हणजे आत बसवायच्या भागांवर, सरकारने कमाल किंमत ठरवून दिली आहे, म्हणून बिलात इम्प्लांटची रक्कम वेगळी लिहून मागा.

१२. आतला धातू गंजत नाही का? एमआरआय चालतो का?

टायटॅनियमवर हवेतच ऑक्साइडचा अदृश्य थर चढतो आणि तोच त्याला जपतो. खरचटलं तर थर पुन्हा तयार होतो. शिवाय त्याचं वजन स्टीलच्या साठ टक्क्यांच्या आतबाहेर, आणि हाड त्याला थेट चिकटतं. हा शेवटचा गुण स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९५०च्या दशकात सशांवरच्या प्रयोगात पाहिला, दातांचे इम्प्लांट त्यातूनच आले.

गुडघे-खुबे आणि टायटॅनियमच्या सळया असल्या तरी एमआरआय बहुधा होतो, फक्त धातूजवळचं चित्र धूसर येतं. पेसमेकर (हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र) असेल तर आधी सांगितलंच पाहिजे, कारण काही जुन्या यंत्रांना एमआरआय चालत नाही. बाहेरचा कृत्रिम पाय खोलीबाहेर काढून ठेवा. डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचं कार्ड किंवा स्टिकर मागून घ्या आणि रेशनकार्डासारखं जपा.

१३. मोतीबिंदूची लेन्स काचेची असते का? ती पुन्हा खराब होते का?

प्लास्टिकची, बहुधा अ‍ॅक्रिलिकची. विमानाच्या काचेचे अ‍ॅक्रिलिकचे तुकडे डोळ्यात गेलेल्या युद्धातल्या वैमानिकांना त्यांचा त्रास होत नाही हे हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं, आणि १९४९मध्ये त्यांनी लंडनमध्ये पहिली लेन्स बसवली. आताच्या लेन्स घडी घालून बारीक छेदातून आत जातात. काही वर्षांनी पुन्हा अंधुक दिसलं तर बहुधा लेन्सच्या लगत मागचा पातळ पापुद्रा (डोळ्याचा मुख्य पडदा नव्हे) धुरकटलेला असतो. तो लेझरने मोकळा होतो, लेन्स बदलावी लागत नाही.

१४. आणि नकली डोळा?

तोही अ‍ॅक्रिलिकचा. पूर्वी जर्मन काचेचे असत, दुसऱ्या महायुद्धात ती काच मिळेना म्हणून अ‍ॅक्रिलिक आलं. त्याने दिसत नाही, पण खोबण भरलेली राहते आणि चेहरा बसत नाही. स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसू नका, बारीक चिरा पडतात. वर्षातून एकदा पॉलिश करून घ्या. तयार डबीतल्या डोळ्यापेक्षा माप घेऊन रंगवलेला डोळा कितीतरी चांगला बसतो.

१५. हृदयाची झडप जनावराची असते म्हणे. आम्ही माळकरी आहोत, काय करावं?

हा प्रश्न वारकरी घरांतून येतो तसा मुस्लिम घरांतूनही येतो, आणि तो ऑपरेशनच्या आधी विचारायचा आहे. ऊतींची झडप गाईच्या हृदयावरच्या आवरणाची किंवा डुकराच्या झडपेची असते. यांत्रिक झडपेत प्राण्याचं काही नसतं. बहुतेक यांत्रिक झडपांत खास प्रकारचा कठीण कार्बन असतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेल्या भारतीय झडपेत कोबाल्ट-क्रोमियमची चौकट, प्रश्न ११मधल्याच पॉलिथिलीनची चकती आणि शिवायला पॉलिएस्टरचं कडं असतं. ती डिसेंबर १९९०मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली.

निवड मात्र केवळ श्रद्धेवर होत नाही. यांत्रिक झडप खूप टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. तालुक्यापासून लांब तांड्यावर राहणाऱ्या, सहा महिने ऊसतोडीला बाहेर जाणाऱ्या माणसाला हे किती जमेल, याचा हिशेब डॉक्टरांसमोर मोकळेपणी मांडा. पुढे बाळंतपण व्हायचं असलेल्या मुलीलाही ती गोळी अडचणीची ठरते. ऊतींच्या झडपेला गोळीचा जाच कमी, पण साधारण दहा-पंधरा वर्षांत ती निकामी होऊ लागते, तरुण माणसात त्याहूनही लवकर.

१६. मोफत कुठे मिळतं?

आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा, जिल्हा रुग्णालयातून होतं. केंद्राच्या एडिप योजनेत कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यातली साधनं शिबिरांतून मिळतात. १९७५ साली स्थापन झालेली जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती पाय मोफत बसवते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. शिबिरात पाय मिळाला तर सैल झाल्यावर कुणाकडे यायचं ते तिथेच विचारून घ्या (कारण प्रश्न ४मध्ये).

१७. आबा वारले. त्यांचा पाय दुसऱ्या कुणाला देता येईल का?

सॉकेट दुसऱ्याला बसणार नाही, तसं कुणी घालूनही पाहू नये. गुडघ्याचा सांधा, धातूची नळी, पाऊल हे भाग मात्र तपासून पुन्हा वापरता येतात. प्रोस्थेटिस्टकडे नेऊन द्या. शरीरात बसवलेले गुडघे-खुबे दुसऱ्याला चालत नाहीत.

१८. अंत्यविधीच्या वेळी शरीरातल्या धातूचं काय करायचं?

विचारायला लोक संकोचतात, पण विचारलं पाहिजे. चितेत टायटॅनियम आणि कोबाल्ट-क्रोमियम वितळत नाही, राख सावडताना ते काळवंडलेले तुकडे हाताला लागतात. घाबरू नका, बाजूला काढून ठेवा. प्लास्टिक आणि सिमेंट जळून जातं. पेसमेकरची गोष्ट वेगळी. त्यातली बॅटरी आगीत फुटते, म्हणून दहनाआधी डॉक्टरांकडून तो काढून घ्यावा, छोट्या छेदाने निघतो. लिंगायत, मुस्लिम किंवा ख्रिस्ती कुटुंबात दफन होणार असेल तर काढण्याची गरज नाही.

१९. पाय तडकला आहे. गावातच चिकटवून किंवा वेल्डिंग करून चालेल का?

सैल स्क्रू आवळणं, तुटलेला पट्टा चांभाराकडून शिवून घेणं, एवढं घरी करा. एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन कुठल्याही बाजारी गोंदाने किंवा पुट्टीने धरत नाही. वरून जोडल्यासारखं दिसतं आणि विहिरीच्या काठावर नेमकं सुटतं. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला वेल्डिंग केलं की सांध्याजवळचा धातू मऊ पडतो. तडा दिसला की पाय काढा, कुबडीवर या, आणि मोडलेला तुकडा फेकू नका. कुठून आणि कसा तुटला ते पाहिलं की माल खराब होता, सॉकेट चुकलं होतं की पाय वाकडा टेकत होता, हे कळतं आणि नवा पाय त्याप्रमाणे करता येतो.